सस्पेन्स खात्यातल्या नोंदी

हिशेबाची तेरीज जुळत नाही आणि फरक कुठून आला हे लगेच सापडत नाही, तेव्हा तो फरक तात्पुरता एका खात्यात टाकून पुढचे काम सुरू ठेवतात. त्याला सस्पेन्स खाते म्हणतात. पुढे चूक सापडली की त्यातली एकेक रक्कम आपापल्या योग्य खात्यात जाते आणि सस्पेन्स खाते शून्यावर येते. निदान यावे, अशी अपेक्षा असते. सीए झाल्यापासून गेली १८ वर्षे मी पुण्यात लेखापरीक्षणाचे काम करते आणि दुसऱ्यांच्या सस्पेन्स खात्यांत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या रकमांबद्दल न कंटाळता प्रश्न विचारते. माझ्या स्वतःच्या नावावर असे एक खाते लहानपणापासून उघडे होते आणि त्यात रोज भर पडत होती, हे मात्र मला वयाच्या ३९ व्या वर्षी, २०२३ च्या जुलैमध्ये, ऐन रिटर्नच्या हंगामात आणि तेही मुलीच्या निमित्ताने कळले.

मुलगी तेव्हा चौथीत होती. ती दंगा करत नाही, उलट उत्तर देत नाही, पण वर्गात खिडकीबाहेर पाहत बसते आणि अर्धे गणित सोडवून वही मिटते, अशी तिच्या बाईंची तक्रार होती. समुपदेशकांकडून आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. दोन-तीन भेटींनंतर डॉक्टरांनी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकू न देणारा विकार, असल्याचे सांगितले आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "घरात आणखी कोणी असं आहे का?" मी "नाही" म्हणाले. नवरा काहीच बोलला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले. त्या भेटीला आम्ही ४० मिनिटे उशिरा पोहोचलो होतो, कारण मुलीची फाइल मी घरी विसरले होते, आणि ती आणायला जिना चढून परत गेल्यावर फाइल घेऊन गाडीची किल्ली घरात ठेवून आले होते.

जुळ्यांच्या अभ्यासांतून या विकाराची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात, म्हणजे जवळजवळ उंचीइतकी असल्याचे दिसते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. मग माझी स्वतंत्र तपासणी झाली. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन आधी पाहिले गेले, कारण विसरणे आणि थकणे यांची साधी कारणेही असतात. जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली गेली. पण ती केवळ चाळणी आहे आणि तिच्या आधारे कोणी स्वतःचे निदान स्वतः करू नये, असेही बजावले गेले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार प्रौढांमध्ये अनवधानाच्या किंवा चंचलतेच्या नऊपैकी किमान पाच खुणा दिसाव्या लागतात, त्यांपैकी काही वयाच्या १२ व्या वर्षाआधीच दिसलेल्या असाव्या लागतात आणि त्या घर, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळाव्या लागतात. म्हणून डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तके मागितली आणि आईशी फोनवर बोलण्याची परवानगी घेतली. जुन्या कागदपत्रांवाचून मत द्यायचे नाही, ही पद्धत माझ्या ओळखीची होती. तिथेच माझा या डॉक्टरांवर विश्वास बसला.

प्रगतिपुस्तके आईने सांगलीहून कुरिअरने पाठवली. दुसरीत "हुशार आहे, पण धांदरट." पाचवीत "लक्ष दिल्यास पहिल्या तिनांत येईल." सातवीत "वह्या अपूर्ण." नववीत "बुद्धी आहे, चिकाटी नाही." वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या शिक्षकांनी, एकमेकांना न विचारता, एकच वाक्य लिहिले होते, आणि प्रत्येक वेळी त्यात एक "पण" होता. हा "पण" आम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या स्वभावाच्या खात्यावर टाकला होता.

मुलगी असण्याचा यात मोठा भाग आहे. लंडनमध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांविषयी जी व्याख्याने दिली, त्यांत वर्णन केलेली मुले बहुतांशी मुलगेच होती, आणि पुढची अनेक दशके हा विकार म्हणजे बाकावरून उड्या मारणारा मुलगा असे समीकरण राहिले. उड्या न मारता नुसते लक्ष भरकटणे हेही निदान ठरू शकते, हे अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये आले. लहान वयात दवाखान्यापर्यंत पोहोचणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलगे दोन-तीन पटींनी अधिक असतात. प्रौढ वयात हे अंतर पुष्कळच कमी होते. मध्यंतरीच्या काळात त्या मुली कुठे होत्या, तर माझ्यासारख्या दुसऱ्या बाकावर, शहाण्या चेहऱ्याने, फळ्याकडे पाहत, डोक्यात भलत्याच गोष्टीची तेरीज मांडत बसलेल्या होत्या. माझी चंचलता पायांत नव्हती. ती जिभेत थोडी आणि डोक्यात फार होती.

या विकाराच्या नावाशी माझे भांडण आहे, ते इथेच सांगते. मराठीत त्याला "अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता" असे काहीसे म्हणतात. न्यूनता म्हणजे कमतरता. माझ्याकडे अवधान कमी नाही. ते कुठे जाईल यावर माझा ताबा कमी आहे. चाकणच्या एका कारखान्याची खरेदी-बिले तपासताना रात्री दोन वाजता माझ्या लक्षात आले होते की एकाच तारखेला एकाच ट्रकचा क्रमांक दोन निरनिराळ्या पुरवठादारांच्या बिलांवर आहे. सहा तास मी जागेवरून हलले नव्हते, पाणी प्यायले नव्हते आणि घरून आलेले चार फोन मला ऐकूच आले नव्हते. त्या शोधाबद्दल फर्ममध्ये माझे कौतुक झाले. न उचललेल्या चार फोनांपैकी दोन मुलीला ताप आला आहे हे सांगणारे होते. दोन्ही गोष्टी एकाच मेंदूने, एकाच रात्री, एकाच कारणाने केल्या.

तरीही माणूस सीए कसा झाला, हा प्रश्न मला निदान कळलेल्या प्रत्येकाने विचारला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मला माझ्यापेक्षा माझ्या आईचे आयुष्य अधिक समजले. सांगलीच्या घरात पहाटे साडेपाचला दूध यायचे, सहाला मला उठवले जायचे, गणवेश खुर्चीवर, दप्तर दाराशी, डबा दप्तरात. रात्री झोपण्यापूर्वी आई माझे दप्तर स्वतः भरायची. मी दहावीत असतानाही. शेजारच्या काकू तिला म्हणायच्या, "लाडावून ठेवली आहेस मुलीला." आईने मला लाडावले नव्हते. माझ्या डोक्यात जे घड्याळ नव्हते, ते तिने घराच्या भिंतींत बसवले होते, आणि हे आपण करतो आहोत हे तिलाही ठाऊक नव्हते.

पुण्याच्या वसतिगृहात त्या भिंती राहिल्या नाहीत. पहिल्या वर्षी मी खानावळीची कुपने तीनदा हरवली, एका अंतर्गत परीक्षेच्या दिवशी परीक्षा आहे हेच विसरले आणि खोलीची किल्ली इतक्यांदा हरवली की रेक्टरबाईंनी शेवटी ती स्वतःकडे ठेवून घेतली. सावरले ते आर्टिकलशिपने, म्हणजे सीए होण्यासाठी दुसऱ्या सीएच्या हाताखाली करायच्या उमेदवारीने. आमचे सर रोज सकाळी दहाला प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन "काल काय झालं, आज काय होणार?" असे विचारत. बाकीच्या मुलांना तो जाच वाटे. मला तो टेकू होता. शिवाय या व्यवसायात प्रत्येक कामाला सरकारने ठरवलेली तारीख असते. ३१ जुलै, ३० सप्टेंबर अशा तारखा छातीवर आल्या की माझा मेंदू जागा होतो. तारीख महिनाभर लांब असेल तर ती माझ्यासाठी अस्तित्वातच नसते. माझ्या वेळेचे दोनच भाग आहेत: आत्ता, आणि आत्ता नाही. सीएच्या अंतिम परीक्षेचा पहिला प्रयत्न मी एका ग्रुपमध्ये, म्हणजे विषयांच्या एका गटात, गमावला, कारण एका पेपरात मागच्या पानावरचा प्रश्न मी पान उलटून पाहिलाच नाही. दुसऱ्या वेळी शेवटच्या तीन आठवड्यांत, दिवसाला चार तास झोपून, उत्तीर्ण झाले. ते तीन आठवडे सगळ्यांना दिसले आणि त्यांना जिद्द म्हटले गेले. आधीचे पाच महिने पुस्तक उघडून त्याच पानावर बसून रडलेले कोणाला दिसले नाहीत.

लग्नानंतर काय झाले ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण खरी परीक्षा तिथे होती. घर चालवणे म्हणजे हाताने काम करणे, असा एक समज आहे. आमच्यासारख्या घरांत पोळ्यांना बाई येतात, केर-भांड्यांना दुसऱ्या बाई येतात, कपडे यंत्र धुते. उरते ते आठवणीचे काम, आणि ते पगार देऊन कोणाला सोपवता येत नाही. उद्या एकादशी, म्हणून आज रात्री साबुदाणा भिजवायचा. दूध कोमट असतानाच विरजण लावायचे. गॅस संपायच्या आधी नोंदवायचा. नणंदेच्या मुलाचा वाढदिवस, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीच्या शाळेत शुक्रवारी न्यायचा पिवळा कागद. मटकी तर मेंदूची परीक्षा घेण्यासाठीच जन्माला आली असावी: सकाळी भिजवा, रात्री उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड पाहा, तीन टप्पे, तीन वेगळ्या वेळा आणि मध्ये आठवण करून देणारे काहीही नाही. माझी मटकी बहुतेकदा चौथ्या दिवशी वासावरून सापडे. कुकरच्या शिट्ट्या मला कधीच मोजता आल्या नाहीत. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये मी नेहमी कुठेतरी जाऊन आलेली असे. दूध उतू जाण्याबद्दल तर लिहीतच नाही.

सासूबाई आमच्याबरोबरच राहतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांची स्मरणशक्ती भयंकर आहे. "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" हा प्रश्न त्यांनी बारा वर्षांत किती वेळा विचारला असेल, याची मोजदाद मी शिट्ट्यांप्रमाणेच ठेवू शकले नाही. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मला ठाऊक नव्हते, म्हणून मी "सॉरी, आई" म्हणत असे. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकत होती. माझे सासरे निवृत्त प्राध्यापक. ते एकदा दोन वेगवेगळ्या चपला घालून कॉलेजात गेले होते आणि दिवसभर तसेच शिकवत राहिले, हा किस्सा आमच्या घरात पाहुण्यांना कौतुकाने सांगितला जातो. मीही एकदा दोन वेगवेगळ्या चपला घालून हळदीकुंकवाला गेले होते. तो किस्सा पाहुण्यांना कोणी सांगत नाही. विसरभोळा पुरुष विचारात गढलेला असतो. विसरभोळ्या बाईचे घरात लक्ष नसते.

मुलीच्या जन्मानंतर माझे सगळेच कोलमडले. झोप तुटली, आणि ज्या रात्रीच्या तासांवर मी दिवसाची तूट भरून काढत असे ते तासच गेले. छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा एका डॉक्टरांनी चिंतेचे निदान केले आणि दोन वर्षे मी त्यावर गोळ्या घेतल्या. ते निदान चुकीचे नव्हते. ज्याला आपण काय विसरलो आहोत हे कधीच खात्रीने सांगता येत नाही, त्याला चिंता वाटणारच. किंबहुना चिंता हीच माझी स्मरणवही होती. गॅस बंद केला का हे मी दारातून तीनदा परत येऊन पाहत असे, म्हणूनच आमचे घर आजवर जळले नाही.

"हाय-फंक्शनिंग" हा शब्द माझ्या वाट्याला निदानानंतर आला. एका हितचिंतक मैत्रिणीने तो मला पदकासारखा बहाल केला. निदानपुस्तिकेत असा प्रकार नाही. तिथे सौम्य, मध्यम आणि तीव्र एवढेच आहे. हा शब्द बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. काम पूर्ण झालेले त्याला दिसते. ते कोणाच्या जिवावर आणि किती वाजता पूर्ण झाले ते त्याला दिसत नाही. आमच्या धंद्यात अशा कंपन्या पुष्कळ भेटतात: नफा-तोटा पत्रकात नफा आहे, भागधारक खूश आहेत, आणि रोख प्रवाहाचे पत्रक उघडले की कळते, पगार दर महिन्याला नवे कर्ज काढून दिले जात आहेत. मी अशी कंपनी होते. कर्ज देणाऱ्यांची नावे आई, नवरा, सासूबाई, आर्टिकलशिपचे सर आणि माझी झोप.

निदानानंतरच्या एका रविवारी मी ठरवले की ज्या पद्धतीने दुसऱ्यांचे हिशेब तपासते त्याच पद्धतीने स्वतःचे तपासायचे. २०२२-२३ या आर्थिक वर्षाचे बँकेचे आणि क्रेडिट कार्डाचे उतारे घेतले आणि केवळ विसरण्यामुळे, उशिरामुळे किंवा मन उडाल्यामुळे झालेला खर्च वेगळा काढला. पहिलीच नोंद लाजिरवाणी निघाली. दरवर्षी दोनशेच्या वर अशिलांची विवरणपत्रे वेळेत भरून घेणाऱ्या मी स्वतःचे विवरणपत्र मुदतीनंतर भरले होते आणि आयकर कायद्याच्या कलम २३४-एफ खाली ५,००० रुपये विलंब शुल्क भरले होते. क्रेडिट कार्डाचे दंड आणि व्याज मिळून ४,३८० रुपये. दोनदा जाऊन सोडलेल्या व्यायामशाळेचे ११,०००. उत्साहात घेतलेल्या आणि दुसऱ्या धड्यापुढे न गेलेल्या तीन ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ७,५००. चुकलेल्या बस-गाड्यांचे २,३४०. घरात असताना सापडत नाहीत म्हणून पुन्हा घेतलेल्या वस्तूंचे, ज्यांत तीन कात्र्या आणि दोन चार्जर होते, ३,९००. सडून टाकलेल्या भाजीचा अंदाज, सासूबाईंशी वाटाघाटी करून, ९,०००. एकूण ४३,१२० रुपये. परदेशातले लोक याला एडीएचडी टॅक्स म्हणतात असे पुढे वाचले; नाव समर्पक आहे, फक्त या कराला वजावट नाही.

रुपयांत न मांडता येणाऱ्या नोंदी मी वेगळ्या कागदावर लिहायला घेतल्या. मैत्रिणीच्या आईच्या निधनानंतर करायचा राहून गेलेला फोन, जो महिनाभराने करायची लाज वाटली, मग वर्षभराने अधिकच वाटली आणि शेवटी ती मैत्रीच गेली. मुलीच्या स्नेहसंमेलनाला तिचे नृत्य संपल्यावर पोहोचणे. बैठकीत दुसऱ्याचे वाक्य तोडून बोलल्यावर रात्रभर ते आठवत कूस बदलणे. अर्ध्या पानावर मी थांबले. त्या कागदाची बेरीज केली नाही.

औषधाविषयी लोक कुजबुजत विचारतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मात्र हा माझा अनुभव आहे, कोणाला सल्ला नाही. मला मिथाइलफेनिडेट दिले गेले. आपल्याकडे ते शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येते, म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. त्यामुळे अनेक दुकाने ते ठेवतच नाहीत. ज्या आजाराचे मुख्य लक्षण कागद हरवणे हे आहे, त्याच्या औषधासाठी दोन प्रती सांभाळून आणाव्या लागतात, यातला विनोद नियम करणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. पहिल्या महिन्यात माझी भूक कमी झाली, दुपारनंतर तोंड कोरडे पडे, आणि रक्तदाब व नाडी नियमित तपासावी लागली. ज्यांना हे औषध चालत नाही त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिनसारखी दुसरी औषधे आहेत, ज्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

या औषधाची जन्मकथा मला फार आवडते. स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआंद्रो पॅनिझॉन या रसायनतज्ज्ञांनी ते १९४४ मध्ये तयार केले. त्यांच्या पत्नी मार्गरीट यांना टेनिस खेळण्यापूर्वी ते घेतल्यास खेळ सुधारल्यासारखे वाटे, आणि त्यांच्या रीटा या लाडक्या नावावरून औषधाचे नाव रिटालिन पडले. एका प्रौढ बाईचे नाव मिळालेले औषध पुढची कित्येक दशके मुख्यतः शाळकरी मुलग्यांना दिले गेले. रीटाबाईंनंतर आम्हा बायकांची पाळी यायला बराच वेळ लागला.

पहिल्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. सकाळी गोळी घेतली, तासाभराने वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाशी बसले आणि सगळे कपडे घडी घालून झाल्यावर लक्षात आले की मध्ये उठलेच नाही. डोक्यात एकाच वेळी चालणारी पाच-सहा रेडिओ केंद्रे बंद होऊन एकच उरले होते, आणि त्याचा आवाजही कमी होता. त्या संध्याकाळी मी कुकरच्या तीन शिट्ट्या मोजल्या आणि ओट्याशी उभी राहून रडले. बाकीची माणसे रोज असेच जगतात, इतक्या शांततेत, या विचाराने आनंद झाला की राग आला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. परीक्षेच्या वेळी, लग्नाच्या वेळी, मुलगी झाली तेव्हा हे मिळाले असते तर, हा हिशेब मांडायला घेतला की तो संपत नाही. म्हणून तो मी सहसा रात्री दहानंतर मांडत नाही.

औषधाने सगळे होते असेही नाही. गोळी लक्ष देते. ते कुठे द्यायचे हे तीच सांगत नाही, आणि गोळी घेऊन तीन तास मोबाइलवर पडद्यांचे कापड निवडण्याचा पराक्रमही मी केलेला आहे. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस तिचा जोर कमी पडतो असे मला वाटते. इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातले संप्रेरक आणि लक्षाशी निगडित असलेले मेंदूतले डोपामिन हे रसायन यांचा संबंध असतो, म्हणून डॉक्टरांना ते नवल वाटले नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास काय होईल याच्या तयारीविषयी आम्ही आतापासून बोलत असतो. घरात आईच्या भिंती पुन्हा बांधाव्या लागल्या, या वेळी उघडपणे. किल्ल्यांसाठी दाराशी खिळा आहे आणि दुसरीकडे कुठे ठेवलेली किल्ली दिसली तर मुलगी मला दहा रुपये दंड करते. फोनमधल्या गजरांना "ऊठ", "निघ", "चपला पाहा" अशी नावे आहेत. वीज, कार्ड, मेंटेनन्स सगळे आपोआप खात्यातून वळते होते. नवऱ्याने शाळेचे सगळे वेळापत्रक स्वतःकडे घेतले आणि पहिल्या दोन महिन्यांतच त्याच्या लक्षात आले की हे काम आहे.

सासूबाईंना निदान समजावून सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे याला औषध होतं होय? मग इतकी वर्षं का नाही घेतलंस?" त्यांना उत्तर देण्यात अर्थ नव्हता. पण त्यानंतर आठवड्याभराने त्यांनी फडक्यातली मटकी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "हे माझ्याकडे राहू दे." तेव्हापासून ते त्यांच्याकडे आहे.

ऑफिसमध्ये मी सांगितलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही; त्यामुळे सांगून काही सवलत मिळण्यापेक्षा पुढच्या मोठ्या कामावर "हिच्याकडे नको, विसरेल" असे कोणीतरी पुटपुटण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. ज्यांच्यात सांगण्याचे धैर्य आहे त्यांचा मला आदर आहे. माझ्यात ते अजून आलेले नाही, आणि म्हणूनच हे मी नाव न घालता लिहिते आहे.

मागच्या दिवाळीत सांगलीला गेले, तेव्हा माळ्यावरची आत्याची ट्रंक खाली काढली. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परत आली आणि २००९ मध्ये वारली तोवर आमच्याच घरात राहिली. सासरच्यांनी "संसाराला उपयोगाची नाही" असे सांगून पाठवले होते, एवढेच मला ठाऊक होते. घरात तिला सगळे अर्धवट म्हणत. ती एका दुपारी अख्खी बाग खुरपून काढायची आणि मग महिनाभर झाडांना पाणी घालायला विसरायची. गोष्टी मात्र अशा सांगायची की आम्ही मुले जेवायचे विसरायचो. ट्रंकेत तिच्या पाककृतींच्या वह्या निघाल्या, एकूण नऊ. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात चकलीची भाजणी, दुसऱ्यावर अनारसे, तिसऱ्यावर करंजीचे सारण. कोणतीही वही पाचव्या पानापुढे गेलेली नव्हती.

मी त्या वह्या बराच वेळ चाळत बसले. तपासणी नाही, प्रगतिपुस्तक नाही, विचारायला ती नाही. एवढ्या पुराव्यावर कोणताही लेखापरीक्षक मत देणार नाही आणि मीही देत नाही. तिची रक्कम सस्पेन्स खात्यातच राहील. आईला मात्र विचारले, की आत्या दर वेळी तेच तेच पुन्हा पहिल्यापासून का लिहायची? आई पणत्यांसाठी वाती वळत होती. तिने मान वर न करता सांगितले, "अगं, तिला आधीची वही सापडायचीच नाही. मग दिवाळी आली की नवी आणायची."